ब्रेकडाउनसाठी थांबायला लावणारा काळ

गेल्या शनिवारी क्लास संपल्यावर गिटार बॅगेत ठेवता ठेवता तू विचारलंस, ‘सर, २००२ ते २००७ च्या मेटलकोरबद्दल, त्या मेटल आणि हार्डकोरच्या मिश्रणाबद्दल, तुम्ही एवढं भरभरून का बोलता? आजचे बँड त्यांच्यापेक्षा अचूक वाजवतात, साउंडही मोठा आहे. तेव्हा तुम्ही कॉलेजात होता, म्हणूनच ते गोड वाटतं का?’ पुढची बॅच दारात उभी होती, म्हणून ‘लिहून पाठवतो’ म्हटलं. हे ते उत्तर. लांबलंय, सावकाश वाच.

वयाचा भाग आहेच. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी कानावर पडलेलं हाडात मुरतं, ते मी नाकारणार नाही. पण त्यानंतर सोळा-सतरा वर्षं मी बँड रेकॉर्ड करत आलोय, मुलांना गिटार शिकवत आलोय. त्या काळातले अल्बम चाहता म्हणून जितके ऐकले, त्याहून जास्त वेळा कामाच्या कानांनी ऐकलेत. कुठला रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) किती वेळा येतो, स्नेअर (ड्रमसेटमधला कडक आवाजाचा ड्रम) कुठे सरकतो, गायक श्वास कुठे घेतो, हे वहीत टिपत टिपत. त्यातून एक मत पक्कं होत गेलं. त्या पाच-सहा वर्षांतल्या चांगल्या गाण्यांमध्ये ब्रेकडाउनपर्यंत, म्हणजे लय उतरून सगळं जड होतं त्या जागेपर्यंत, गाणं चालत जायचं. तो आला की का आला, ते कळायचं. पुढे गाणं ब्रेकडाउनपासूनच सुरू व्हायला लागलं आणि वाट पाहण्यातला आनंद हरवला. मला त्या काळाची जी ओढ आहे, ती मुख्यतः त्या वाट पाहण्याची आहे.

आधी ब्रेकडाउनचंच बघू, कारण तू तो वाजवतोस पण मोजत नाहीस. समज, गाणं मिनिटाला १६० ठोक्यांवर चाललंय. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर पडतोय, गिटार सुसाट धावतेय. मग एका क्षणी स्नेअर फक्त तिसऱ्या ठोक्यावर यायला लागतो. क्लिक तोच, मेट्रोनोमला कुणी हात लावलेला नाही, पण अंगाला वाटतं की गाणं निम्म्या वेगावर आलं. आपल्या भाषेत सांगायचं तर दुगुनीतून ठाय लयीत उतरणं. ख्यालात, भजनात आपण ठायीकडून दुगुनीकडे जातो आणि चढत्या लयीबरोबर रंग चढतो. इथे लय उतरते आणि जोर चढतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशाची तर्री तशीच पळत असताना ढोलाचे ठोके अचानक विरळ आणि जड होतात, तेव्हा छातीत जे होतं ते आठव. शरीराला कळणारी गोष्ट तीच आहे.

गिटारचं काम त्यात वरवर सोपं. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर टेकवायची, जाडी तार दाबून वाजवायची, प्रत्येक चग (तारेचा तो दबका ठोका) पायाने वाजणाऱ्या किक ड्रमच्या बरोबर पडला पाहिजे. अवघड असते ती मधली शांतता. दोन चगांमधली जागा किती रिकामी ठेवायची, तार कधी पूर्ण बंद करायची, यावर ब्रेकडाउनचं वजन ठरतं. हा प्रकार मेटलमध्ये हार्डकोरकडून, म्हणजे पंकच्या जास्त आक्रमक प्रकाराकडून आला. नव्वदच्या दशकात सिराक्यूजच्या अर्थ क्रायसिससारख्या बँडनी १९९५ पर्यंत तो इतका जड केला होता की हार्डकोर कुठे संपतं आणि मेटल कुठे सुरू होतं, ते सांगता येईना.

दुसरा झरा स्वीडनमधला, योटेबोरी शहरातला. अॅट द गेट्स या बँडचा ‘स्लॉटर ऑफ द सोल’ १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये आला. जेमतेम ३४ मिनिटांचा अल्बम. रिफ थ्रॅश मेटलच्या सुसाट वेगाचे, पण त्यात सूर असा की शीळ घालता यावी. त्याच शहरातले इन फ्लेम्स आणि डार्क ट्रँक्विलिटी दोन गिटारांना तिसऱ्या स्वराच्या अंतरावर जोडीने चालवत होते. अॅट द गेट्स पुढच्याच वर्षी फुटले. आपलं हे काम समुद्रापलीकडच्या कुठल्या मुलांच्या हाती लागणार आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक असणं शक्य नव्हतं.

ती मुलं होती मॅसॅच्युसेट्सची. मेटलकोर म्हटलं की लोक बँडची नावं घेतात. मी आधी गावांची घेतो: वेस्टफील्ड, स्प्रिंगफील्ड, वूस्टर, सेलम, विन्थ्रॉप. यातली बरीचशी मोठी शहरं नव्हेत. हार्डकोरवाल्या मुलांना एक हॉल आणि मेटलवाल्यांना दुसरा, अशी चैन तिथे नव्हती. सैनिक संघटनांचे हॉल, चर्चची तळघरं, एका संध्याकाळी पाच बँड. मेटल ऐकणारा मुलगा हार्डकोर बँडमध्ये बास वाजवायचा आणि हार्डकोरवाला घरी स्वीडिश रिफ बसवायचा. १९९९ पासून वूस्टरच्या पॅलेडियममध्ये दर वर्षी न्यू इंग्लंड मेटल अँड हार्डकोर फेस्टिव्हल भरायला लागला. नावातच दोन्ही. लग्नाच्या पत्रिकेत दोन्ही घराण्यांची नावं छापावीत तसं.

त्या वर्तुळातली माणसं बघ कशी एकमेकांत गुंतलेली होती. ओव्हरकास्ट नावाच्या बँडमध्ये माइक डी’अँटोनियो बास वाजवायचा आणि ब्रायन फेअर गायचा. आफ्टरशॉकमध्ये अॅडम ड्युटकेविच आणि जोएल स्ट्रोट्झेल होते. १९९९ मध्ये माइक, अॅडम, जोएल आणि गायक जेसी लीच यांचं किलस्विच एन्गेज झालं. ब्रायन फेअर शॅडोज फॉलकडे गेला. शॅडोज फॉलचा आधीचा गायक फिल लाबॉन्ट याने ऑल दॅट रिमेन्स उभं केलं. एका मोठ्या वाड्यात चार चुली असाव्यात आणि मीठ-मसाला एकमेकांकडून उसना घेतला जावा, तसं ते होतं. म्हणूनच त्या बँडचे आवाज वेगळे असूनही चव ओळखीची लागते.

आता ज्या अल्बमसाठी मी हे सगळं लिहितोय तो. किलस्विच एन्गेजचा ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’, मे २००२. वेस्टफील्डच्याच झिंग स्टुडिओत रेकॉर्ड झालेला. ड्रम्सवर अॅडम, जो बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकलेला आणि निर्माताही तोच. मिक्स इंग्लंडच्या अँडी स्नीपचा. मुखपृष्ठाचं काम बासवाल्या माइकचं, कारण तो पेशाने ग्राफिक डिझायनर. आपल्या आपल्यात केलेलं काम होतं ते. यातली ‘टेंपल फ्रॉम द विदिन’ आणि ‘विडे इन्फ्रा’ ही दोन गाणी त्यांच्या २००० च्या पहिल्या अल्बममध्येही आहेत. दोन्ही आवृत्त्या पाठोपाठ ऐक. गाणी तीच. पहिल्या आवृत्तीत सगळे एकदम दारातून आत घुसतायत असं वाटतं. दुसरीत प्रत्येकाला आपली जागा माहीत आहे. दोन वर्षांत माणसं काय शिकली, ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या दोन गाण्यांनी जास्त शिकवलं.

याच अल्बममधलं ‘माय लास्ट सेरेनेड’ वाजवायला शिकवताना मी पोरांना नेहमी एकच काम देतो: कोरसमध्ये (ध्रुवपदात) गिटार काय करतेय ते बघा. गायक मोकळ्या गळ्याने गातोय, लांब स्वर धरतोय, आणि खाली गिटार जागा देतेय. त्याच्याशी भांडत नाही. आणि गाणं परत जड होतं तेव्हा तो आधी मिळालेला मोकळेपणा कानात असतो, म्हणून ते जडपण जाणवतं. सतत जड असलेल्या गाण्यात जड काहीच नसतं, हे मला या अल्बमने दाखवलं.

जेसी लीचच्या शब्दांबद्दलही सांगायला हवं. तेव्हा रेडिओवर आणि टीव्हीवर ‘न्यू मेटल’ नावाचा मेटलचा प्रकार होता. त्यातला बराचसा राग आतल्या आत कुजणारा. लीच ओरडत होता तो सावरण्याबद्दल, उठून उभं राहण्याबद्दल, एकमेकांना धरून ठेवण्याबद्दल. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला दोन विषय राहिलेल्या मुलाला हे ऐकून काय वाटायचं, ते मी तुला शब्दांत सांगू शकणार नाही. अल्बम आल्यावर थोड्याच दिवसांत लीचने बँड सोडला. गळा थकला होता, मन त्याहून जास्त, आणि नैराश्याबद्दल तो पुढे उघडपणे बोलला. दुसऱ्यांना धीर देणारा माणूस स्वतः कुठल्या अवस्थेत होता, हे नंतर कळलं आणि ती गाणी माझ्यासाठी आणखी खोल झाली.

त्याच्या जागी हॉवर्ड जोन्स आला. भारदस्त आवाज, खर्जात घुमणारा. २००४ चा ‘द एंड ऑफ हार्टेक’ हा त्याचा अल्बम. त्याच नावाच्या गाण्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. लीच चांगला की हॉवर्ड, यावर आम्ही कॅन्टीनमध्ये रात्री काढल्यात. माझं मत आजही डळमळतं: शब्द आणि तळमळ लीचची, गळा हॉवर्डचा. २०१२ मध्ये लीच परतला, आणि २०१९ च्या ‘द सिग्नल फायर’ या गाण्यात दोघं एकत्र गायले. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्टुडिओत एकटा होतो. गाणं संपल्यावर थोडा वेळ काहीच लावलं नाही.

बाकीच्यांकडे जरा भरभर जातो, पण एकेकाची एक तरी गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अनअर्थचा ‘द ऑनकमिंग स्टॉर्म’ (२००४) म्हणजे त्या काळातला दोन गिटारांचा सगळ्यात सुंदर संवाद. ‘झॉम्बी ऑटोपायलट’ बसवायला मला चार महिने लागले होते. शॅडोज फॉलच्या ‘द वॉर विदिन’चा निर्माता झ्यूस, आणि त्याचा प्लॅनेट झी स्टुडिओ तेव्हा त्याच राज्यातल्या हॅडलीमध्ये. ऑल दॅट रिमेन्सच्या ‘द फॉल ऑफ आयडियल्स’मधलं (२००६) ‘सिक्स’ हे गाणं एका गिटारच्या व्हिडिओ गेममध्ये गेलं आणि मेटल कधी न ऐकलेली लहान पोरं प्लास्टिकच्या बटणांवर त्याचा सोलो काढायला बसली. त्या सोलोचा वादक ऑली हर्बर्ट २०१८ मध्ये गेला. त्याच्या हातात शास्त्र आणि लाड दोन्ही होते. वॉशिंग्टनच्या डार्केस्ट आवरने २००३ चा अल्बम थेट योटेबोरीला जाऊन, स्टुडिओ फ्रेडमनमध्ये, फ्रेड्रिक नॉर्डस्ट्रॉमकडून करून घेतला, म्हणजे शिष्य गुरूच्या घरी जाऊन राहिला. ऑस्ट्रेलियातल्या बायरन बेचे पार्कवे ड्राइव्ह २००५ मध्ये अर्धी पृथ्वी ओलांडून अॅडमकडे पोचले. मिझरी सिग्नल्सचा २००४ चा अल्बम दौऱ्यावरच्या अपघातात गेलेल्या मित्रांच्या आठवणीतून आला, आणि त्यातली हळवी जागा कुठली आणि चिडलेली कुठली, हे वेगळं करता येत नाही. तो तू एकट्याने ऐक, बसमध्ये नको. वॉल्स ऑफ जेरिकोची कॅन्डेस कुचसुलेन ऐकलीस की किंकाळी हे पुरुषांचं काम आहे हा गैरसमज जाईल. त्या हॉलमध्ये मुली फार कमी दिसायच्या ही त्या काळाची उणीवच होती, आणि ती आज थोडी तरी भरून निघतेय याचा मला आनंद आहे.

कन्व्हर्जचा ‘जेन डो’ मी मुद्दाम या रांगेत घेतला नाही. सप्टेंबर २००१, सेलमचा बँड, माणसंही त्याच ओळखीतली. पण तो अल्बम कुणाच्या रांगेत बसत नाही. त्यात मोकळा कोरस नाही, हात धरून नेणारा सूर नाही. मला तो ‘आवडायला’ सहा वर्षं लागली, आणि अजूनही तो मी वर्षातून दोनदाच लावतो.

ट्रिव्हियम आणि बुलेट फॉर माय व्हॅलेंटाइन या बँडवर जुने लोक नाकं मुरडतात. मी मुरडत नाही. ट्रिव्हियमचा ‘असेंडन्सी’ २००५ मध्ये आला तेव्हा त्यांचा गायक मॅट हीफी एकोणीस वर्षांचा होता, म्हणजे आज तू आहेस तेवढा. त्याच वर्षीच्या बुलेटच्या ‘द पॉइझन’मुळे वेल्समधल्या एका छोट्या गावातला बँड नाशिक-कोल्हापूरच्या मुलांच्या मोबाइलवर पोचला. दार कुणी उघडलं त्यापेक्षा आत किती जण आले, ते मला महत्त्वाचं वाटतं.

आता साउंड. तुझा मुख्य मुद्दा तोच होता. त्या रेकॉर्डिंगमधला गिटारचा आवाज पीव्ही कंपनीच्या ५१५० सारख्या अॅम्पचा. १९९२ मध्ये एडी व्हॅन हेलनबरोबर बनवलेला, त्याच्या घरच्या स्टुडिओचं नाव दिलेला. गंमत अशी की अॅम्पचा गेन (आवाज फाडणारी मात्रा) लोक समजतात तितका वाढवलेला नसतो. पुढे ट्यूब स्क्रीमर नावाचा एक पेडल ठेवायचा, त्याचा ड्राइव्ह शून्यावर, लेव्हल वर. तो पेडल इथे आवाज फाडायला ठेवलेला नाही. अॅम्पमध्ये शिरण्याआधी तो खालचा गबाळा बास कापतो, म्हणून पाम म्यूट (तळव्याने दाबलेला स्वर) आखडून, घट्ट येतो. मग तोच रिफ चार वेळा वाजवायचा. दोन टेक डावीकडे, दोन उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर रुंदी अजिबात मिळत नाही, आवाज फक्त मधोमध मोठा होतो. रुंदी येते ती चार टेकमधल्या केसाएवढ्या फरकातून. हाताचा तो फरक पुसून टाकलास की भिंत पातळ होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. ते सगळं कच्चं आणि शुद्ध होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. ड्रमच्या आवाजाखाली सॅम्पल (आधीच रेकॉर्ड केलेले ठोके) मिसळणं तेव्हाही सर्रास चालायचं. ठोके सरकवून जागेवर बसवण्याची सोयही होती. पण ती वेळखाऊ होती, म्हणून वादकाला आधी नीट वाजवावं लागे, उरलंसुरलं संगणकावर. आज माझ्याकडे येणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. त्यांना अॅम्प भाड्याने परवडत नाही, लॅपटॉपमध्ये दहा अॅम्प फुकट मिळतात. त्यातून वसई आणि जळगावच्या खोल्यांमध्ये उत्तम रेकॉर्डिंग होतायत, जी आमच्या वेळी अशक्य होती. फक्त सगळं ग्रिडवर (संगणकाच्या काटेकोर मापावर) ठेवल्यावर ब्रेकडाउनच्या आधीचा तो एक बार (तालाचं एक आवर्तन), जिथे ड्रमर नकळत किंचित मागे ओढतो, तो सपाट होतो. आणि ब्रेकडाउनचं निम्मं वजन त्या ओढीत असतं.

ट्यूनिंगचंही तसंच. तेव्हाचा मोठा वर्ग ड्रॉप सी वर होता. सगळ्या तारा एक स्वर खाली, जाडी तार दोन. सर्वांत जाड तीन तारांवर एकच बोट आडवं टाकलं की पॉवर कॉर्ड मिळतो, म्हणून डावा हात सुटा राहतो आणि जाड्या तारेवरही चाल बांधता येते. तिथे स्वर अजून स्वर म्हणून ऐकू येतो. पुढे सात-आठ तारा आल्या, ट्यूनिंग खाली खाली गेलं. त्यातही थोर काम झालंय. पण फार खाली गेल्यावर खालची तार ताल बनते, चाल वरच्या गिटारला किंवा कीबोर्डला सांगावी लागते. मला एकाच गिटारमध्ये दोन्ही लागतात. ही माझी आवड आहे, नियम नव्हे.

आमच्याकडे हे पोचलं कसं, ते तू एकदा विचारलं होतंस. मी पुण्यात २००३ ला शिकायला आलो. हॉस्टेलच्या लॅनवर एका सीनियरचं फोल्डर होतं, त्यात १२८ केबीपीएसच्या एमपीथ्री. झांजा पाण्यातून वाजल्यासारख्या. गाण्यांची नावं निम्मी चुकीची. मी अनअर्थचं एक गाणं जवळजवळ वर्षभर शॅडोज फॉलचं समजत होतो. मुंबईत धोबी तलावच्या फुर्टाडोजमध्ये जाऊन काचेआडच्या गिटार बघायच्या आणि प्लेक्ट्रम घेऊन परत यायचं. मित्राच्या स्वस्त गिटारवर नऊच्या बारीक तारा होत्या. त्या ड्रॉप सी ला उतरवल्या की कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबायच्या. जाड तारा लावायच्या असतात, हे सांगणारं कुणी नव्हतं. ते आम्हाला एका जुन्या मासिकातल्या मुलाखतीतून कळलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आमचा चग खरा चग वाटला.

गळ्याचं तर विचारू नकोस. आमचा गायक घशाने ओरडायचा आणि तीन गाण्यांनंतर त्याचा आवाज बसायचा, कधी कधी आठवडाभर. किंकाळी गळा पिळून काढायची नसते, श्वासाच्या आधारावर खोट्या स्वरपट्ट्या थरथरवायच्या असतात, हे आम्हाला न्यूयॉर्कच्या मेलिसा क्रॉस या शिक्षिकेच्या २००५ च्या डीव्हीडीतून कळलं. फिरत फिरत ती आमच्यापर्यंत २००७ ला आली. एका कॉलेजच्या स्पर्धेत त्याने पहिली किंकाळी दिली तेव्हा साउंडवाल्या काकांनी घाईने आवाजाचा फेडर खाली ओढला होता. त्यांना वाटलं माइक फाटतोय. दुसऱ्या गाण्याला त्यांनीच तो परत वर नेला आणि शेवटपर्यंत मान हलवत उभे राहिले.

मुंबईचं रंगभवन मला मिळालं नाही. इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाचं ते उघडं नाट्यगृह शांतता क्षेत्रात येत असल्यामुळे मोठ्या आवाजाच्या कार्यक्रमांना बंद झालं, ते मी पुण्यात येण्याच्या सुमारास. आधीची पिढी त्याबद्दल बोलते तेव्हा मी गप्प ऐकतो. पण स्क्राइब आणि भयानक मौत मला मिळाले. दोन्ही मुंबईचे बँड. स्क्राइबने पहिल्यांदा दाखवलं की या संगीतात आपल्या गल्लीचं बोलणं, आपल्या सिनेमाचे विनोद, आपली धमाल बसते, आणि वाजवणं तरीही तितकंच गंभीर राहतं. २०१० च्या ‘मार्क ऑफ तेजा’ या अल्बमच्या नावावरच समोरची सगळी पोरं हसायची आणि पुढच्या सेकंदाला पिटमध्ये (स्टेजसमोरच्या धक्काबुक्कीत) असायची. तेव्हा आमच्यातल्या कुणालाही मॅसॅच्युसेट्स दूर वाटत नव्हतं. त्यांनी स्वीडनचं घेतलं आणि आपलं केलं. आमच्याकडच्यांनी त्यांचं घेतलं आणि आपलं केलं.

मग हा काळ संपला का? २००६-०७ पर्यंत साचा पक्का झाला होता: ओरडणारा व्हर्स (कडवं), गोड कोरस, ठरल्या जागी ब्रेकडाउन. कंपन्यांनी तसेच बँड भराभर घेतले. कोरसमध्ये मोकळेपणा नुसता येत होता, त्याआधीची कोंडी कुणी रचत नव्हतं. एकाच कार्यक्रमात सहा बँड ऐकून बाहेर पडल्यावर एकही चाल आठवू नये, असं मला पहिल्यांदा २००८ मध्ये झालं. ऑगस्ट बर्न्स रेड, पार्कवे ड्राइव्ह यांसारखे बँड आपला मार्ग काढत राहिले, आणि आजही कुणीतरी कुठेतरी तसं गाणं लिहितंच. मला ते सापडलं की मी पहिलं तुलाच पाठवतो, हे तुला माहीत आहे.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून एक करून बघ. ‘अलाइव्ह ऑर जस्ट ब्रीदिंग’ पूर्ण लाव, हेडफोनवर, फोन उलटा ठेवून. प्रत्येक ब्रेकडाउन आला की गाणं मागे ने आणि बघ, त्याची पहिली चाहूल कुठे लागली होती. कधी एक झांज वीस सेकंद आधी मोकळी सुटलेली असते, कधी गिटारची जोडी तुटून एकच उरलेली असते, कधी गायकाने शेवटचं अक्षर नेहमीपेक्षा लांब धरलेलं असतं. वेळा वहीत लिही.

आणि येत्या शनिवारी ११ ते ५६ चा तारांचा संच घेऊन ये. ड्रॉप सी लावू. तुला ब्रेकडाउन लगेच वाजवायचा असणार, पण आपण आधी त्याच्या अलीकडचे आठ बार बसवू.